पूर्णगड ते माचाळ: एका नदीच्या मागे चार दिवस

रत्नागिरीच्या सहलीचा एक ठरलेला साचा आहे. गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नदुर्ग, थिबा राजवाडा, पावस, वेळ उरला तर कशेळी, आणि रविवारी रात्री परतीची गाडी. दोन दिवसांत दहा-बारा ठिकाणं उरकतात. घरी आल्यावर फोटो चाळायला बसलं की हे देऊळ कुठलं आणि तो समुद्र कुठला, यावरून घरात वाद होतात. एवढ्या लांब जायचं, पैसे खर्च करायचे, तर सहलीला काहीतरी धागा असावा. या लेखात सुचवलेला धागा म्हणजे एक नदी, मुचकुंदी.

ती काही मोठी नदी नाही. लांजा तालुक्याच्या पूर्व टोकाला, विशाळगडाच्या शेजारच्या माचाळ पठारावर ती उगम पावते. प्रभानवल्ली-खोरनिनकोच्या खोऱ्यात उतरते, वळणं घेत साटवलीकडे येते, तिथून तिची खाडी होते आणि पूर्णगडाच्या पायथ्याशी ती समुद्राला मिळते. मुखाशी किल्ला, खाडीच्या आतल्या टोकाला साटवलीची गढी, खोऱ्यात प्रभानवल्लीचं जुनं ठाणं आणि माथ्याला विशाळगड. नकाशावर सुटी सुटी दिसणारी ही ठिकाणं या क्रमाने पाहिली की बंदरातला माल घाटावर कसा चढत असेल आणि घाटावरची सत्ता समुद्रापर्यंत कशी पोचत असेल, हे पायांना कळतं. म्हणून सहल मुखापासून सुरू करून उगमाकडे न्यावी. उलटही करता येते, पण मग गार हवेतून दमट उकाड्यात उतरावं लागतं आणि शेवटचे दोन दिवस चिडचिडीत जातात.

आधी केव्हा जायचं ते ठरवू. डिसेंबर ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा हा निर्विवाद चांगला काळ. हवा कोरडी असते, सड्यावरचं, म्हणजे जांभ्याच्या पठारावरचं, गवत वाळून बसलेलं असतं, म्हणून तिथे जमिनीवर कोरलेली कातळशिल्पं उघडी दिसतात आणि माचाळला रात्री चांगली थंडी पडते. एप्रिल-मे म्हणजे हापूसचे दिवस. पावस-पूर्णगडाच्या बागा तेव्हाच पाहाव्यात हे खरं, पण दुपारी अकरानंतर सड्यावर उभं राहवत नाही आणि मुंबईकर चाकरमानी गावी आलेले असल्याने एसटी आणि रेल्वेत पाय ठेवायला जागा नसते. जुलै-ऑगस्टमध्ये नदीच्या वरच्या खोऱ्याचं रूप सर्वांत देखणं. मात्र कातळशिल्पं पाण्याखाली आणि शेवाळाखाली जातात, किल्ल्यावरचा जांभा निसरडा होतो आणि घाटात दरड कोसळली तर सगळं वेळापत्रक कोलमडतं. पावसाळ्यात जायचंच असेल तर वरचा अर्धा भाग, म्हणजे लांज्यापासून पुढचा, तेवढाच करावा आणि खालचा थंडीसाठी राखून ठेवावा. ऑक्टोबर टाळा. कोकणातला ऑक्टोबर मे महिन्यापेक्षा वाईट, हे स्थानिक माणूसही कबूल करेल.

गाडी स्वतःची असेल तर चार दिवस पुरतात. एसटीने जाणार असाल तर पाच धरा. एसटीने जाऊ नये असं मी म्हणणार नाही, उलट जावंच, पण गावातल्या गाड्यांचा हिशोब वेगळा असतो. सकाळी शाळा-कचेऱ्यांच्या वेळेला सुटतात, दुपारी विश्रांती, संध्याकाळी परत. रात्रीची वस्तीची गाडी गावात मुक्कामाला जाते आणि पहाटे तीच परत फिरते. तेव्हा रत्नागिरी किंवा लांजा स्थानकात उतरल्याबरोबर नियंत्रकाच्या खिडकीशी जाऊन उद्याच्या गाड्यांच्या वेळा वहीत लिहून घ्याव्यात. मोबाइलवर दिसणाऱ्या वेळांवर विसंबू नये. महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मं, आणि ७५ च्या पुढे मोफत. ओळखपत्र मात्र हाताशी ठेवा. जिथे एसटी नाही तिथे रिक्षा. सड्यावरची ठिकाणं करायला दिवसभराची रिक्षा ठरवणं सगळ्यात शहाणपणाचं, कारण त्या रिक्षावाल्याला शिल्पं कुठल्या पायवाटेने गाठायची तेही ठाऊक असतं. पैसे निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावेत, थांब्याच्या वेळेसकट.

मुंबईहून येणाऱ्याने रात्रीची कोकण रेल्वे पकडून पहाटे रत्नागिरीला उतरावं. स्टेशन शहरापासून लांब, कुवारबावच्या बाजूला आहे. शहरात यायला रिक्षा किंवा शहर बस. अंघोळ-चहा उरकून दोन-तीन तास असतील तर टिळक जन्मस्थान आणि थिबा राजवाडा पाहून घ्या. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८५ मध्ये पदच्युत झाला, पुढे इंग्रजांनी त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्याच्यासाठी बांधलेल्या राजवाड्याच्या गच्चीवरून समोर समुद्र दिसतो, आणि त्या माणसाला रोज संध्याकाळी काय वाटत असेल याचा विचार टाळता येत नाही. शहरात बाकीही पुष्कळ आहे, पण आपली नदी तिथे नाही. पुढे चला.

भाट्याच्या पुलावरून काजळी नदीची खाडी ओलांडली की शहर संपतं. पावसला स्वामी स्वरूपानंदांचं समाधी मंदिर आहे. १९०३ ते १९७४ हा त्यांचा काळ, आणि ज्ञानेश्वरी अभंगरूपात आणली ती त्यांनीच. देवळातली शिस्त आणि स्वच्छता पाहण्यासारखी आहे. दुपारी प्रसादाची वेळ साधली तर जेवणाची वेगळी चिंता करू नका. वाटेत गणेशगुळ्याला फाटा आहे. गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला, अशी या भागात म्हण आहे. पुळ्याची गर्दी पाहिलेल्या माणसाने गुळ्याच्या शांत देवळात आणि किनाऱ्यावर जाऊन यावं. देव गेला असेल तर गर्दीही घेऊन गेला, हे गुळेकरांचं भाग्यच म्हणायचं.

पावसहून पूर्णगड जवळ आहे. पहिल्या दिवशी किल्ल्यावर दुपारी चारनंतर पोचावं असा बेत ठेवा. किल्ला लहान आहे आणि चढ म्हणजे गावातल्या पायऱ्या व थोडी वाट, त्यामुळे गुडघे कुरकुरणारी माणसंही आरामात येतात. वाटेवर मारुतीचं देऊळ लागतं. पुढे दरवाजा. इथे दोन मिनिटं थांबून वर पाहा. कमानीच्या वर मध्यभागी गणपती कोरलेला आहे आणि दोन बाजूंना चंद्र आणि सूर्य. आत देवड्या, पुढे मोकळं मैदान, जोत्यांचे अवशेष आणि भोवती जांभ्याच्या चिऱ्यांचा तट. तटावर चढण्याच्या पायऱ्या ठिकठिकाणी आहेत. समुद्राकडे एक लहान दरवाजा उघडतो. पुरातत्त्व खात्याने अलीकडे केलेल्या दुरुस्तीमुळे किल्ला आता झाडोऱ्यातून बाहेर आलाय. नव्या चिऱ्यांचा रंग जुन्यापेक्षा उजळ दिसतो, काहींना ते खटकतं. मला नाही खटकत. जुना कुठला, नवा कुठला हे कळणं उलट बरं. जांभा पावसात भिजून काळवंडायला फार वर्षं लागत नाहीत.

शिवाजी महाराजांनी बांधलेला हा शेवटचा किल्ला, इथे त्यांचं किल्ल्यांचं काम पूर्ण झालं, म्हणून पूर्णगड, असं गावात सांगतात. आंग्र्यांच्या काळाशीही त्याची उभारणी जोडली जाते. ही चर्चा तटावर बसून करायला मजा येते, पण किल्ल्याचं काम काय होतं हे बांधणाऱ्याच्या नावापेक्षा जागाच स्पष्ट सांगते. दक्षिणेच्या तटावर उभं राहा. खाली मुचकुंदीची खाडी, तिच्या तोंडावर वाळूचा दांडा, पलीकडे गावखडीचं सुरूचं बन आणि त्यामागे लांबच लांब पुळण. खाडीत शिरणारं प्रत्येक गलबत या तटाखालून जाणार. किल्ला लढाईपेक्षा नजर ठेवायला आणि जकातीवर लक्ष ठेवायला होता, हे तिथे उभं राहिल्यावर वेगळं सांगावं लागत नाही. १८१८ मध्ये मराठी सत्तेबरोबर हाही इंग्रजांकडे गेला.

पूर्णगडात मुक्कामाच्या सोयी मोजक्या, पावसला जास्त. घरगुती मुक्काम मिळाला तर तो घ्यावा, मात्र आदल्या दिवशी फोन करून माणसं किती, शाकाहारी किती, मासे खाणारे किती हे सांगून ठेवलंच पाहिजे. कोकणात अचानक येऊन जेवण मागितलं तर कोणी नाही म्हणत नाही, पण घरातल्या काकूंची धावपळ होते आणि तुमच्या ताटात सकाळची आमटी येते. मासे ज्या दिवशी जे मिळेल ते. पापलेटच हवं असा हट्ट धरू नका. खाडीच्या कालवांचं किंवा मुळ्यांचं सुकं मिळालं तर ते पापलेटाच्या वरचढ असतं.

दुसऱ्या दिवशीचा बेत समुद्राला विचारून करायचा. कालवं काढणाऱ्या बाया, वाळूच्या दांड्यावरचे पक्षी, खाजणातली झाडं हे सगळं पाहायचं तर ओहोटी हवी. त्यासाठी कुठलंही ॲप लागत नाही. घरातलं कॅलेंडर पुरतं. तिथीचा आकडा घ्या, त्याला तीनने गुणा आणि चारने भागा. येईल ती साधारण भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. दुपारी पावणेचारला आणि पहाटेही त्याच सुमाराला भरती पूर्ण होते. अष्टमीला सहा आणि सहा. दोन्ही पक्षांना हाच हिशोब. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी पुरती लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा फरक कमी. अर्ध्या तासाचा इकडेतिकडे फरक पडतो, पण सहल आखायला एवढं पुरे. अनोळखी पुळणीवर पोहायला उतरू नये आणि खाडीच्या मुखाशी तर कधीच नाही. ओहोटी लागताना तिथे पाण्याची ओढ जबर असते. गावकरी नको म्हणाले की नको.

पूल ओलांडून गावखडीत या. सुरूच्या बनातून पुळणीवर जायची वाट आहे. नोव्हेंबरपासून पुढे समुद्री कासवं, ऑलिव्ह रिडले जातीची, या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. कासवमित्र आणि वनखातं अंडी जाळीच्या कुंपणात सुरक्षित ठेवतात आणि पिल्लं बाहेर आली की समुद्रात सोडतात. ते पाहायचं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये आधी चौकशी करून जावं, रात्री पुळणीवर बॅटऱ्या फिरवू नयेत आणि पिल्लाला हात लावून फोटो तर मुळीच काढू नये.

गावखडीहून कशेळी. कनकादित्याचं देऊळ हे कोकणातल्या मोजक्या सूर्यमंदिरांपैकी एक. शिलाहार राजा दुसरा भोज याचा ११९१ सालचा ताम्रपट इथला आहे. म्हणजे सव्वाआठशे वर्षांपूर्वी हे गाव कोल्हापूरच्या शिलाहारांच्या दानपत्रात होतं, समुद्रकाठचं देऊळ आणि घाटावरचा राजा यांचं नातं तेव्हापासूनचं. मूर्तीची कथा अशी: प्रभासपट्टणहून आदित्याची मूर्ती घेऊन निघालेलं गलबत इथल्या किनाऱ्याशी अडलं, पुढे हलेना. मूर्ती देवघळीजवळच्या गुहेत ठेवली तेव्हा गलबत निघालं. पुढे कनका नावाच्या भाविक स्त्रीला दृष्टांत झाला आणि गावाने ती मूर्ती आणून स्थापली. रथसप्तमीला इथे मोठा उत्सव असतो. तेव्हा गेलात तर उत्सव दिसेल पण देऊळ दिसणार नाही, हे ध्यानात ठेवा. देवळाचं लाकूडकाम बारकाईने पाहायला रिकामा दिवस बरा. देवघळी अवश्य करा. काळ्या कड्यांमधली ती चिमुकली घळ आहे, उतरताना सांभाळून.

आता या सहलीतला सगळ्यात मोलाचा भाग, सडा. कोकणात सडा म्हणजे गावांच्या वरचं जांभ्याचं सपाट पठार. लांबून ओसाड दिसतं. याच सड्यांवर हजारो वर्षांपूर्वी माणसांनी जमिनीवर चित्रं कोरली. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं गुराख्यांना, म्हाताऱ्या माणसांना विचारत सडे पालथे घातले, तेव्हा ही कातळशिल्पं जगासमोर आली. २०२२ मध्ये कोकणातल्या नऊ ठिकाणांची नावं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. रत्नागिरी जिल्ह्यातली सात: कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरुण आणि उक्षी. शिवाय सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसमाळ.

सगळी एका दिवसात करायचा मोह आवरा. कशेळी आणि देवीहसोळ ही दोन नीट पाहा. कशेळीच्या सड्यावर सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद हत्ती आहे. जमिनीवर उभं राहून तो दिसत नाही हीच त्याची गंमत. आधी नुसत्या रेघा दिसतात, मग एखादा पाय, मग सोंड, आणि कडेने पूर्ण फेरी मारली की अख्खा प्राणी डोक्यात जुळतो. त्याच्या पोटात पुन्हा कितीतरी लहान प्राणी, मासे, पक्षी कोरलेले. मुलांना आधी काही सांगू नका. त्यांना फेरी मारायला लावा आणि काय आहे ते ओळखू द्या. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळची चौकोनी, नक्षीदार रचना पूर्ण वेगळ्या जातीची आहे. तिथे प्राणी ओळखायचा प्रश्नच नाही, काय असेल याचे तर्क करत बसायचं. तिसरं करायचं असेल तर बारसू घ्या. तिथे दोन वाघांच्या मधोमध उभा असलेला माणूस आहे.

वेळ महत्त्वाची. सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर जा. कलत्या उन्हात कोरीव रेघेत सावली भरते आणि चित्र उठून दिसतं. भर दुपारी त्याच जागी नुसता खडबडीत कातळ दिसतो आणि माणसं एवढ्यासाठी आणलं होय, म्हणून कुरकुरतात. फोटो नीट यावा म्हणून रेघांत खडूची पूड किंवा रांगोळी भरू नका. पाणी ओतू नका, शिल्पावर चालू नका. चिऱ्यांचं कुंपण घातलेलं असेल तर त्याच्या बाहेरूनच पाहा. सड्यावर झाड नाही, पाणी नाही, आडोसा नाही, तेव्हा स्त्रियांनी गावातून निघतानाच सोय पाहून घ्यावी. माणशी दोन लिटर पाणी, टोपी आणि बंद बूट. वाळक्या गवतात साप असतात आणि जांभा चपलेतून टोचतो.

वाट विचारताना एक लक्षात ठेवा. किती लांब आहे, असं कोकणात विचारू नये. हे काय, इथंच, असं उत्तर येतं आणि ते इथंच अडीच किलोमीटरवर निघतं. आजोबा, चालत जायला किती वेळ लागेल, असं विचारावं. आणि आजोबा स्वतः रोज चालतात हे धरून त्यांच्या उत्तराची दीडपट करावी.

दुपारचं ऊन आडिवऱ्याला महाकालीच्या देवळात काढा. जेवण तिथेच परिसरात सांगून ठेवता येतं. ज्यांच्याकडे पाचवा दिवस आहे त्यांनी इथून राजापूरकडे उतरून धूतपापेश्वर आणि इंग्रजांच्या वखारीची जागा पाहावी. शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये ती वखार लुटली. अधूनमधून प्रकटणाऱ्या राजापूरच्या गंगेची चौकशी करून जा, ती आली असेल तर देवाचं देणं, नसेल तर रिकामी कुंडं पाहायला चढ चढण्यात अर्थ नाही. चारच दिवस असतील तर राजापूर सोडून द्या. ते स्वतंत्र सहलीचं गाव आहे.

तिसऱ्या दिवशी समुद्राला पाठ करायची. लांजा हे मुक्कामाला घ्यायचं गाव नव्हे, पण पेट्रोल, औषधं, रोकड, मेणबत्त्या, बिस्किटं हे सगळं इथेच घ्या. पुढे एटीएम मिळेलच असं नाही आणि नेटवर्क तर पठारावर येईल-जाईल. ज्यांना एसटी-रेल्वेने थेट इथे यायचंय त्यांना कोकण रेल्वेची आडवली आणि विलवडे ही स्थानकं जवळ. दिवा-सावंतवाडी गाडी दोन्हीकडे थांबते.

लांज्याच्या पश्चिमेला साटवली आहे. मुचकुंदीच्या काठी एक लहानशी गढी, झाडांच्या मुळांनी धरलेले तट आणि बुरूज. पर्यटक जवळपास नाहीतच. भरतीबरोबर गलबतं आणि पडाव खाडीतून आत येत तेव्हा साटवली हे व्यापाराचं ठिकाण होतं. इथे माल उतरायचा आणि पुढे बैलांच्या पाठीवर घाटाकडे जायचा. आता शांत गाव आहे. पूर्णगडाची जोडी कशाशी होती हे कळायला ही अर्ध्या-पाऊण तासाची वाकडी वाट वाया जात नाही. गढी पाहून पुन्हा लांज्याला येऊन पूर्वेची वाट धरा.

प्रभानवल्ली लागते. आज नुसतं नाव वाचून कोणी गाडी थांबवणार नाही, पण शिवकाळात मामले प्रभावळी हा मोठा सुभा होता. जानेवारी १६७५ मध्ये शिवाजी महाराजांनी इथला सुभेदार जिवाजी विनायक याला लिहिलेलं एक कडक पत्र प्रसिद्ध आहे. आरमारासाठी रसद आणि पैसा वेळेवर पोचवला नाही म्हणून खरडपट्टी काढलेलं. जंजिऱ्याच्या समुद्रावर अडकलेलं आरमार आणि सह्याद्रीच्या पायथ्याचा हा सुभा, यांचा संबंध त्या एका पत्रात आहे. पूर्णगडाच्या तटावर उभं राहून आलेल्या माणसाला तो चटकन पटेल.

शेजारी खोरनिनको. मुचकुंदीवरच्या धरणाच्या सांडव्याला जिन्यासारख्या पायऱ्या आहेत, पावसाळ्यात पाणी त्यावरून फेसाळत उतरतं. शनिवार-रविवारी जत्रा असते. मधल्या वारी जा. पाणी वाढल्यावर प्रशासन बंदी घालतं, तेव्हा वाद न घालता लांबून पाहा. थंडीत इथे फार काही नाही, दहा मिनिटं थांबून पुढे निघा.

माचाळला पूर्वी पायवाटेनेच चढावं लागे. आता गाडीरस्ता झालाय. वळणं तीव्र आहेत, चढ दमवणारा आहे. घाटाची सवय नसलेल्या चालकाने खालीच गाडी ठेवून गावातली जीप करावी. अंधार पडण्यापूर्वी वर पोचणं आवश्यक. मुक्काम गावातल्या घरात, आधी सांगूनच. घरांची रचना पाहा: छपरं उतरत उतरत जवळजवळ जमिनीला टेकलेली, दारातून आत जाताना मान वाकवायची. पठारावरचा वारा आणि पाऊस ज्याने एकदा अनुभवला त्याला यामागचं कारण विचारावं लागत नाही. जेवणात भाकरी, पालेभाजी, कुळीथ. इथे मासे मागू नका. रात्री ब्लँकेटं मिळतात, तरी स्वेटर न्याच. खाली पूर्णगडात घामाने भिजलेला माणूस तो सामानातून हमखास वगळतो. पावसाळ्यात जळवांसाठी मीठ किंवा तंबाखूचं पाणी.

चौथ्या दिवशी सकाळी गावातला कोणीतरी वाटाड्या घेऊन मुचकुंद ऋषींच्या गुहेकडे जा. कालयवन पाठलाग करत आला, श्रीकृष्णाने त्याला गुहेत झोपलेल्या मुचकुंदापर्यंत नेलं आणि झोपमोड झालेल्या मुचकुंदाच्या नजरेने तो जळून गेला, ही कथा देशात इतर ठिकाणीही सांगतात. इथे तिला नदी जोडलेली आहे. उगमाजवळचं पाणी ओंजळीत घेण्याइतकं. सोबत कोणी भूगोलाचं पोर असेल तर त्याला पायाखालचा दगड दाखवा. किनाऱ्यावरचा तांबडा जांभा, मधल्या खोऱ्यात काळा पाषाण, आणि वर विशाळगड-आंबा भागातल्या माथ्यांवर पुन्हा जांभा.

माचाळच्या कड्यावरून दरीपलीकडे विशाळगड समोर दिसतो. पायवाटेने दरी उतरून पलीकडे चढता येतं, पण ती अर्ध्या दिवसाची दमछाक आहे, वाटाड्याशिवाय करू नये आणि पावसाळ्यात तर नाहीच. एरवी लांजा-साखरपामार्गे आंबा घाट चढून, पांढरेपाणी-गजापूरवरून गाडीने गडाखाली जावं. खेळणा हे या गडाचं जुनं नाव. १४५३ मध्ये बहमनी सरदार मलिक-उत्-तुजारची फौज याच रानात शिर्के आणि खेळण्याच्या राजाने गाठून कापली. महाराजांनी १६५९ मध्ये गड घेतला. पुढच्याच वर्षी जुलैमध्ये पन्हाळ्याहून निसटून ते इथे आले तेव्हा बाजीप्रभू पावनखिंडीत उभे होते आणि गडाखाली वेढा घालून बसले होते सुर्वे आणि दळवी, कोकणातलेच सरदार. १८४४ च्या उठावानंतर इंग्रजांनी तटबंदी पाडली, म्हणून आज किल्ल्याचा डौल शोधावा लागतो.

पावनखिंडीत उतरायला पायऱ्या आहेत, वाट सोपी आहे. पावसाळ्यात मात्र ओढ्याचं पाणी पाहूनच उतरा. विशाळगडावरच्या अतिक्रमणांच्या वादातून जुलै २०२४ मध्ये गजापुरात हिंसाचार झाला आणि त्यानंतर प्रवेशावर बराच काळ बंधनं होती. निघण्याच्या आदल्या दिवशी शाहूवाडीच्या तहसील कचेरीत किंवा पोलिसांकडे फोन करून प्रवेशाच्या वेळा विचारून घ्या. बंद असेल तर आंबा गावातली देवराई आणि मानोली धरणाचा परिसर चांगला दिवस देतो.

परतीला दोन वाटा. पुण्याकडच्यांनी आंब्याहून मलकापूर, कोल्हापूर असं निघून जावं, पुन्हा घाट उतरायचं कारण नाही. मुंबईकरांनी साखरप्यावरून संगमेश्वर गाठून रेल्वे पकडावी किंवा रत्नागिरीला परतावं. रत्नागिरी-कोल्हापूर रस्त्याची कामं चालू असली तर घाटात तास-दीड तास जादा धरा आणि गाडीचं तिकीट त्या रात्रीचं काढा, संध्याकाळचं नको. आंबे, कोकम, फणसपोळी घ्यायची असेल तर ती पहिल्या दिवशी पावसला घेऊन चार दिवस वाहू नका. संगमेश्वर-रत्नागिरीकडे उतरलात तर तिथेच मिळते, आणि कोल्हापूरला उतरलात तर गूळ घ्या.